बागेतल्या काँक्रीटला पावडर सुटते, भेगा पडतात: तपासणी कुठून सुरू करायची

अंगणातली पायवाट, तुळशीवृंदावनाभोवतीचा ओटा, धुण्याच्या दगडाखालचा चौथरा, पंपाचा पाया, कुंपणाचे खांब. अशी छोटी काँक्रीटची कामं बिघडली की घरमालक आधी सिमेंटच्या पोत्याला दोष देतो आणि मग गवंड्याला. मी बरीच वर्षं अशी बिघडलेली कामं दुरुस्त करतो आहे. सिमेंट खरोखर वाईट निघाल्याची उदाहरणं त्यात फार थोडी. बहुतेक ठिकाणी दोष पाण्याचा असतो: माल कालवताना जास्त झालेल्या पाण्याचा, किंवा माल टाकून झाल्यावर कमी पडलेल्या पाण्याचा. कित्येकदा एकाच कामात दोन्ही.

म्हणून खालचा क्रम असा लावला आहे की आधी फुकटात होणारी तपासणी, मग थोड्या खर्चाची आणि शेवटी फोडाफोडीची. मधल्या कुठल्याही टप्प्यावर कारण सापडलं तर पुढे जायची गरज नाही.

लक्षणं

- पृष्ठभागावर हात फिरवला की तळव्याला करडी पूड लागते. झाडून काढली तरी चार दिवसांनी पुन्हा तेवढीच.
- जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा. एरवी दिसत नाहीत, पण पाणी मारून सुकू दिलं की उठून दिसतात.
- पायवाटेला आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एकच भेग.
- वरचा पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो. थापीच्या मुठीने ठोकलं तर खाली पोकळ आवाज येतो.
- फळ्या काढल्यावर बाजूला खडी उघडी पडलेली आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं.
- खांब हाताने हलतो, किंवा त्याच्या बुडाशी काँक्रीट आणि माती यांत फट पडली आहे.
- पांढरे डाग, जे पुसले तरी परत येतात.

शेवटचं लक्षण आधीच निकालात काढू. पांढरा डाग आणि करडी पूड यांत लोक गल्लत करतात. डाग ओला केला की नाहीसा होतो आणि सुकल्यावर परत उमटतो, तर ते क्षार आहेत. काँक्रीटमधून पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं आणि पाणी उडून गेलं की ते वर राहतात. ताठ ब्रशने कोरडे झाडा आणि पाणी कुठून येतं ते पाहा. काँक्रीटच्या मजबुतीचा प्रश्न सहसा यात नसतो. करडी पूड मात्र काँक्रीट स्वतःच झिजत असल्याची खूण आहे.

पहिली तपासणी: भेग कधी दिसली?

याला पैसा लागत नाही, आठवावं मात्र लागतं. टाकल्या दिवशीच, काही तासांत भेगा आल्या असतील तर माल घट्ट होण्याआधीच वरचं पाणी उडालं. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात दुपारी टाकलेल्या कामात हे हमखास दिसतं. ऊन आणि कोरडा वारा दोन्ही असले की माल खालून पाणी वर पाठवतो त्यापेक्षा वेगाने ते उडतं. वरचं कातडं आकसतं, खालचा माल अजून मऊच असतो, आणि ते फाटतं.

दोनचार आठवड्यांत आडवी भेग आली असेल तर वाळताना काँक्रीट आकसलं आणि त्याला आकसायला जागा ठेवलेली नव्हती. त्यासाठी खाली सांध्यांबद्दल वाचा.

पहिल्या पावसाळ्यात, किंवा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भेग आली असेल तर काँक्रीटकडे बघू नका, खालच्या मातीकडे बघा.

दुसरी: खिळा आणि पाण्याचा थेंब

एक चांगला लोखंडी खिळा घ्या आणि जोर देऊन पृष्ठभागावर ओढा. नुसता पांढरट ओरखडा उठला तर काँक्रीट ठीक आहे आणि पूड वरवरची आहे. खाच पडून बारीक चुरा निघाला तर वरचा थर कच्चा आहे. खिळा पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सहज खोल गेला, तर पूर्ण जाडीत माल कमजोर असण्याची शक्यता मोठी. हे तीन-चार ठिकाणी करा: मध्ये, कडेला, सावलीत आणि उन्हात. सावलीतला भाग पक्का आणि उन्हातला कच्चा निघाला तर कारण तिथेच सापडलं. उन्हातल्या भागाला ओलावा पुरला नाही.

मग पाण्याचे थेंब टाका. चांगल्या काँक्रीटवर थेंब काही वेळ टिकतो. टाकताक्षणी शोषला गेला तर आत छिद्रं जास्त आहेत, म्हणजे बहुधा कालवताना पाणी जास्त पडलं होतं.

खिळ्याने नुसती वरवरची कमजोरी दाखवली तर तारेच्या ब्रशने पूड काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या आणि सिलिकेटचं काँक्रीट हार्डनर लावा. ते आत मुरून मोकळ्या चुन्याशी संयोग पावतं आणि छिद्रं भरून कडक होतं. रंगाचा थर देऊ नका. पुडीवर रंग धरत नाही, पुढच्या पावसात तोही पापुद्र्यासकट निघतो.

तिसरी: पाणी कसं आणि किती दिवस मारलं?

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण निम्मी उत्तरं इथेच मिळतात. गवंडी सांगतो "सात दिवस पाणी मारा", आणि मालक सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा नळी फिरवतो. बागेतल्या चार इंची पायवाटेवर मे महिन्यात सकाळी आठला मारलेलं पाणी दहापर्यंतही टिकत नाही. मग संध्याकाळपर्यंत ती कोरडीच राहते. असे सात दिवस गेले तर काँक्रीटला प्रत्यक्ष ओलावा मिळाला तो काही तासांचा.

ओलावा का लागतो? सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. पाणी संपलं की तो संयोग थांबतो, मग मालाचं प्रमाण कितीही चोख असो. सर्वांत आधी पाणी संपतं ते वरच्या काही मिलिमीटरमधलं, आणि पायाखाली येतो नेमका तोच थर. म्हणून पूड वर सुटते, आत नाही.

दुसरी गोष्ट सिमेंटच्या प्रकाराची. आज दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते पीपीसी, म्हणजे फ्लाय अॅश (वीज केंद्रातली कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट. ते चांगलं आहे, बागकामाला मी स्वतः तेच वापरतो. पण ते सावकाश पक्कं होतं. आयएस 456 या भारतीय मानकात ओपीसीला, म्हणजे राख वगैरे न मिसळलेल्या साध्या सिमेंटला, किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा सांगितला आहे. हवा कोरडी आणि गरम असेल तर ओपीसीलाही 10 दिवस, आणि मिश्र सिमेंटला 14 दिवसांपर्यंत. सात दिवसांची सवय ओपीसीच्या काळातली आहे. पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असेल तर उन्हाळ्यात दोन आठवडे धरूनच चला.

करायचं असं: घोटाई संपली आणि बोटाचा ठसा उठेनासा झाला की प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा विटांनी दाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढून ओली गोणपाटं पसरा आणि कागद पुन्हा वरून टाका. असं झाकलं की दिवसातून दोनदा पाणी पुरतं. सपाट ओटा असेल तर कडेने मातीची आळी करून अर्धा इंच पाणी साठवून ठेवणं सर्वांत उत्तम. ताज्या मालावर नळीची धार मात्र सोडू नका, वरचं सिमेंट वाहून जाईल.

काम होऊन दोन-तीनच दिवस झाले असतील आणि आत्ता लक्षात आलं असेल तर आजच गोणपाटं टाका. उशिरा मिळालेला ओलावाही काही प्रमाणात कामी येतो. सहा महिन्यांनी पाणी मारून मात्र फारसं साधत नाही.

चौथी: पोतं बघा

रिकामं पोतं शिल्लक असेल तर त्यावर कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी सिमेंट तयार झालं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं, आणि पावसाळ्यात ओसरीवर जमिनीला टेकवून ठेवलेलं पोतं असेल तर संशयाला जागा आहे. उरलेल्या सिमेंटमध्ये हात घाला. गार, मऊ लागलं आणि गठळी बोटांत चिरडून तिचं पीठ झालं तर चालेल. गठळी चिरडत नसेल तर ते सिमेंट ओल धरून आधीच जमलं आहे. ते चाळून वापरतात हे मला माहीत आहे, पण जे चाळणीतून खाली पडतं त्यातही जोर कमी झालेला असतो. कुंड्यांखाली ठेवायच्या फरशा पाडायला वापरा, पायवाटेला नको.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. अर्धं पोतं वापरून बाकीचं "पुढच्या रविवारी" म्हणून उघडं ठेवणं हा घरच्या कामातला ठरलेला प्रकार आहे. कोकणात श्रावणात आठ दिवस उघडं राहिलेलं सिमेंट मी वापरणार नाही.

पाचवी: मापं

गवंड्याला विचारा, किंवा स्वतः केलं असेल तर आठवा: वाळू आणि खडी कशाने मोजली? "एक पोतं, चार घमेली वाळू, आठ घमेली खडी" हे ऐकायला 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) वाटतं, कारण एक पोतं म्हणजे दोन घमेली धरतात, पण घमेलं किती मोठं, काठोकाठ की शिगोशीग, हे कोणीच सांगत नाही.

50 किलोच्या पोत्यात सिमेंटचं आकारमान साधारण 35 लिटर असतं. म्हणून 1:2:4 साठी एका पोत्याला 70 लिटर वाळू आणि 140 लिटर खडी. पूर्वीपासून कामावर 40 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरची लाकडी पेटी असते, ती बरोबर 35 लिटरची. ती नसेल तर बादली घ्या. रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या डब्याचं माप घरात असतंच. तुमचं घमेलं किती लिटरचं आहे ते एकदा पाणी भरून मोजा आणि त्याच्यावर खडूने लिहून ठेवा.

आता वाळूची खोच. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि तेवढ्याच वाळूचं माप वाढतं. चार-सहा टक्के ओल असली की आकारमान चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त फुगू शकतं. म्हणजे पावसाळ्यात 70 लिटर मोजलेली वाळू खरी 55 लिटरच असू शकते. मग माल खरबरीत होतो, भोकं राहतात आणि गवंडी तो सैल करायला आणखी पाणी ओततो. फळ्या काढल्यावर बाजूला दिसणारी खडी बहुतेक वेळा इथून येते, नाहीतर माल गजाने नीट न ठासल्यामुळे.

फुगवटा मोजणं सोपं आहे. काचेच्या बरणीत ओलसर वाळू न दाबता भरा, उंची मोजा. ती बाहेर काढा, बरणी अर्धी पाण्याने भरा, वाळू परत टाकून ढवळा आणि बसू द्या. पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही. दोन उंचींतला फरक तेवढा फुगवटा, आणि तेवढी वाळू जास्त घ्यायची.

सहावी: कालवताना पाणी

1918 साली शिकागोत काँक्रीटचे संशोधक डफ अब्राम्स यांनी दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद ठरते ती पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर. शंभर वर्षांनंतरही बागेतल्या पायवाटेला तोच नियम लागू आहे. रासायनिक संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं. त्यावरचं पाणी आपण टाकतो ते माल हलवता यावा, पसरवता यावा म्हणून. ते नंतर उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. पोकळ्या जेवढ्या जास्त, तेवढं काँक्रीट कमजोर आणि तेवढंच जास्त आकसणारं.

आयएस 456 मध्ये एका पोत्याला पाण्याची कमाल मर्यादा दिली आहे: एम 15 या ताकदीच्या काँक्रीटसाठी, म्हणजे 1:2:4 ला, 32 लिटर, आणि एम 20 साठी, म्हणजे 1:1.5:3 ला, 30 लिटर. प्रत्यक्ष कामावर नळी सोडून दिलेली असते आणि अंदाजाने पाणी पडतं. बादलीने मोजायला लावलं की आकडा 40 च्या पुढे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

या 32 लिटरमध्ये वाळूतलं पाणीही धरायचं आहे. 70 लिटर वाळू म्हणजे अंदाजे 110 किलो. तिच्यात पाच टक्के ओल असेल तर साडेपाच लिटर पाणी आधीच आत आलं. ते वजा करा.

माल ठीक आहे का ते बघायला उपकरण लागत नाही. ढिगावर फावड्याच्या टोकाने एक चर ओढा. चराच्या कडा उभ्या राहिल्या आणि तळ गुळगुळीत दिसला तर माल चांगला. कडा ढासळल्या आणि चरात पाणी साचलं तर पाणी जास्त. कडेचा माल सुटा होऊन दाणे गळले तर कोरडा आहे, किंवा वाळू कमी आहे. पाणी जास्त झालं तर नुसतं सिमेंट ओतून भागत नाही. वाळू, खडी आणि सिमेंट त्याच प्रमाणात कोरडं मिसळून त्यात घाला.

हाताने कालवत असाल तर पत्र्यावर किंवा सिमेंटच्या जमिनीवर कालवा, मातीवर नको. आधी वाळू आणि सिमेंट कोरडं, रंग एकसारखा होईपर्यंत, निदान तीनदा इकडून तिकडे उलथा. मग खडी. मग मध्ये आळं करून पाणी थोडं थोडं. हाताने कालवलेल्या मालात सिमेंट दहा टक्के जास्त घ्यायचा जुना रिवाज आहे, आणि तो बरोबर आहे, कारण हाताने यंत्राइतकं एकजीव होत नाही. एका तासात संपेल एवढंच कालवा. जमू लागलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा सैल करणं हे पापुद्रे आणि पूड या दोन्हींचं हमखास कारण आहे.

आणि हातमोजे, गमबूट. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, तासभर कातडीला लागून राहिलं तर खोल भाजतं आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतही नाही. बुटात माल गेला तर काम थांबवून पाय धुवा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

सातवी: वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं होतं का?

हा प्रश्न जरा हळूच विचारावा लागतो, कारण गवंड्याला तो आपल्या कौशल्यावरचा शेरा वाटतो. माल पातळ असला की ठासल्यावर पाणी वर येऊन तळं साचतं. ते टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरून लगेच थापी फिरवली की चेहरा आरशासारखा दिसतो, मालक खूश होतो. पण वर पाण्याने भरलेला, नुसत्या सिमेंटचा एक पातळ थर तयार झाला. त्यात खडी नाही, वाळू नाही. तो जास्त आकसतो, त्याला जाळीदार भेगा पडतात आणि त्याचीच पूड होते. पापुद्रे निघतात तेही तिथूनच.

वर आलेलं पाणी आपोआप जाईपर्यंत थांबायचं, किंवा गोणपाटाने हलकेच टिपायचं. चकाकी गेली, पाय ठेवला तर ठसा अगदी थोडा उमटतो, अशा वेळी घोटाई करायची. बागेतल्या वाटेला मी गुळगुळीत घोटतच नाही. लाकडी रंध्याने सारखं करून वर झाडूचे आडवे ओढे देतो. पावसाळ्यात घरातली वयस्कर माणसं घसरत नाहीत आणि गुळगुळीत चेहऱ्यासाठी होणारी जास्तीची घोटाईही टळते.

पापुद्रे सुटले असतील तर पोकळ वाजणारा सगळा भाग छिन्नीने पक्क्या थरापर्यंत काढा. भाग धुवा, रात्रभर ओला ठेवा, सकाळी वरचं पाणी पुसून घ्या. एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारा दुधासारखा द्रव) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवण, ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच लेटेक्स घातलेला मॉर्टर, म्हणजे सिमेंट-वाळूचा माल, भरा. स्लरी वाळली की ती जोडायच्या ऐवजी वेगळा थर होऊन बसते, म्हणून हातावेगळा होईल एवढाच तुकडा घ्या.

आठवी: वाळू, खडी, पाणी

नव्या कामाआधी आणि जुन्या कामाच्या शंकेसाठी बरणीची तपासणी करा. उंच काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, पाऊण भाग होईल एवढं पाणी, चमचाभर मीठ. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. मिठामुळे माती लवकर खाली बसते. वाळूच्या वर बसलेला मऊ गाळ वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुवा नाहीतर परत करा. गाळ वाळूच्या कणाला चिकटून बसतो आणि सिमेंटला धरू देत नाही. शिवाय तो पाणी पितो, म्हणजे गवंडी आणखी पाणी घालणार.

आता नदीची वाळू मिळणं कठीण आणि महाग झालं आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाची क्रश सँड येते. तिच्यातली दगडाची भुकटी बरणीत गाळासारखीच दिसते. तिला हा आठ टक्क्यांचा नियम लावू नका. मानक तिच्यात भुकटी जास्त चालवून घेतं. ती ओली करून तळव्यावर चोळा: करडं पाणी आलं तर दगडाची भुकटी, तांबूस-काळा चिखल हाताला चिकटून राहिला तर माती. क्रशरवरून "डस्ट" म्हणून स्वस्तात मिळते ती आणि धुतलेली क्रश सँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेताना स्पष्ट विचारा.

किनाऱ्यावरची वाळू वापरू नका. त्यातलं मीठ सळई गंजवतं आणि गंज फुगून काँक्रीट फोडतो. बोअरचं पाणी मचूळ असेल तर सळई असलेल्या कामाला पिण्याचं पाणी आणा. खडी मातीने माखलेली आली असेल तर टाकण्याआधी धुवून घ्या.

नववी: खालची माती

आता कुदळ लागणार. भेगेच्या दोन बाजूंवर सरळ पट्टी ठेवा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर भेग आकसण्याची. एक बाजू वर आणि एक खाली असेल तर जमीन हलली आहे.

कडेला फूटभर खणा. खाली काळी कापसाची माती सापडली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक-नगरचा बराच भाग या मातीवर बसला आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बिनसळईचं चार इंची काँक्रीट तिच्यासोबत वाकू शकत नाही, म्हणून तुटतं. सिमेंट वाढवून, खडी बदलून इथे काही उपयोग नाही.

पायवाटेपुरता उपाय असा: काळी माती निदान फूटभर काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. वाटेला एका बाजूला उतार द्या आणि घराच्या पन्हाळीचं, बागेच्या ठिबकचं पाणी वाटेच्या कडेला साचू देऊ नका. माती फुगते ती पाण्याने, आणि एका कडेला ओल अन् दुसरीकडे कोरडं असलं की सर्वांत जास्त तुटतं. थर फार खोल असेल तर मी काँक्रीट सोडून सुटे पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी सुचवतो. हलले तर उचलून परत बसवता येतात.

कोकणात जांभ्यावर हा प्रश्न नाही. तिथे भराव न ठोकता टाकलेलं असतं आणि पहिल्या पावसात बसतं. खांब हलतो त्याचं कारणही बहुधा हेच: खड्डा उथळ, तळ मोकळ्या मातीचा, किंवा माल जमायच्या आधी कोणीतरी तार ताणली. दीड-दोन फूट खोल जा, तळ ठोका, आणि तार आठवड्याने ताणा.

दहावी: सांधे

दहा मीटर लांब वाट एका दमात, सांधा न ठेवता टाकली असेल तर ती तुटणारच, आपल्याला फक्त कुठे ते ठरवता येतं. चार इंची आणि तीन-साडेतीन फूट रुंद वाटेला दर चार-पाच फुटांवर सांधा द्या, जाडीच्या पाव खोल. सर्वांत सोपं म्हणजे एक आड एक पट्टा टाकायचा आणि दोन-तीन दिवसांनी मधले भरायचे. भिंतीला, झाडाच्या आळ्याला, चेंबरला वाट भिडते तिथे फोमची पट्टी घाला.

आलेल्या भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत असतील आणि ती दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर ती साफ करून पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिमेंटने भरू नका. ती भेग आता सांध्याचं काम करते आहे, तिथे कडक पदार्थ भरला की शेजारी दुसरी पडेल.

अकरावी: फोडून नव्याने

खिळा खोल गेला, थेंब शोषला गेला आणि मापांचा हिशेबही जुळत नसेल तर वर थर देण्यात पैसे घालू नका. कमजोर पायावर चांगला थर सुटतोच. फोडा. एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर जाड वाट म्हणजे एक घनमीटर. 1:2:4 ने तिला साधारण साडेसहा पोती सिमेंट, 0.44 घनमीटर वाळू आणि 0.88 घनमीटर खडी लागते. फोडलेलं काँक्रीट टाकून देऊ नका, मुरमाखाली भरावाला चांगलं जातं.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टींत मी स्वतःही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावतो, मग कामाला हात लावतो.

भेग बागेतून घराच्या जोत्यात किंवा कंपाउंडच्या भिंतीत शिरली आहे. भेग वाढते आहे: दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहा, महिन्याभरात ती खुणेच्या पुढे गेली तर थांबा. सळई उघडी पडून तांबेरा ओघळतो आहे. मातीला अडवणारी भिंत तीन फुटांपेक्षा उंच आहे, किंवा कमी उंच असूनही पुढे झुकली आहे. अशी भिंत पावसात एका रात्रीत पडते आणि तिच्याखाली माणसं सापडतात. विहिरीचा कठडा, सेप्टिक टाकीचं झाकण, पाण्याची टाकी, मुलांच्या झोपाळ्याचे खांब यांतही अंदाजाला जागा नाही. खणताना वीज किंवा गॅसची लाइन लागली तर कुदळ खाली ठेवा.

गच्चीवरच्या बागेबद्दल वेगळं सांगतो, कारण शहरात हा प्रकार वाढला आहे. चार इंची काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला साधारण 240 किलो होतं. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो आहे. माती, कुंड्या, पाणी आणि माणसं अजून यायचीच आहेत. गच्चीवर काँक्रीटची वाट, वाफ्याच्या भिंती किंवा ओटा टाकायचा विचार असेल तर इमारतीचे नकाशे घेऊन इंजिनिअरकडे जा, आणि त्याचं उत्तर लेखी घ्या. तो येईल तेव्हा त्याला भेगेवरच्या तारखा, सिमेंटचं पोतं आणि किती दिवस पाणी मारलं हे सांगा. नकाशे नसतील तर तेही आधीच सांगा. तो मग सळई शोधण्याचं यंत्र सोबत आणेल.